सामानाची कडी

३ मे, शनिवार

नात टोन्का आज पहिल्यांदा आमच्याकडे झोपली. दुपारचीच झोप, पण झोपली. तीही मागच्या बिनखिडकीच्या खोलीत. माझ्या नवऱ्याने, फ्रानेने, टेकडी कोरून ही खोली काढली तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. दिवा लावला की तिथल्या भिंतीत मातीच्या रेषा दिसतात, तांबड्या, पिवळ्या, मधूनच एखादी पांढरी. इतकी वर्षं मी त्या भिंतीत खिळे ठोकले, त्यावर भांडी टांगली, भिंत म्हणून तिच्याकडे कधी पाहिलं नाही. टोन्का पाच महिन्यांची आहे. झोपण्याआधी तिने त्या रेषा एकेक करून पाहिल्या, अगदी सावकाश. शेवटी मीही तिच्या शेजारी आडवी झाले आणि बघत राहिले. किती सुंदर भिंत आहे आमची.

फ्राने दारात येऊन म्हणाला, "मेलात का दोघी?"

"गप. भिंत बघतोय आम्ही."

"चला, आजवर घरात एक वेडी होती, आता दोन झाल्या."

कॉफीच्या वेळी आमच्या मुलीने, नीव्हेसने, विषय काढला. ती रॉक्सबीला अँब्युलन्सवर काम करते, इथून अर्ध्या तासावर. जुलैत तिची रजा संपते. टोन्काचा बाप पर्थला गेला आहे, तो तिकडेच सुखी राहो. नीव्हेसच्या पाळ्या चार-चार दिवसांच्या, त्यात रात्रपाळ्याही. त्या दिवसांत टोन्काने आमच्याकडे राहावं असं ती म्हणाली. मी तर हातातली किटली खाली ठेवायची विसरले. मी कधीपासून याचीच वाट बघत होते, पण पोरगी स्वतःहून बोलेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

"पण एक आहे," ती म्हणाली. "आणायला-पोचवायला तुम्हालाच यावं लागेल, माझी पाळी पहाटेच सुरू होते. आणि इथे तिला काही झालं तर दवाखाना रॉक्सबीलाच. म्हणजे तुमच्या गाडीत तिची सीट हवी. ती नीट बसल्याशिवाय मी तिला इथे ठेवणार नाही."

फ्राने म्हणाला, "बसवू की. त्यात काय मोठंसं."

"तुमच्या पद्धतीने नाही, बाबा. सीट बसवणाऱ्या माणसाकडून तपासून. आणि वरचा पट्टा सामानाच्या कडीला अडकवायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

"का? त्या कडीने तुझं काय खाल्लंय?"

ती टोन्काचे मोजे शोधायला उठली. हे जमलं नाही तर ती ॲडलेडला जाणार आहे. तिथे कचेरीत बसून फोन घ्यायची नोकरी आहे, दिवसपाळी, शेजारी पाळणाघर. ॲडलेड म्हणजे सहाशे किलोमीटर. मग नात दिसणार ख्रिसमसला.

५ मे, सोमवार

आमची गाडी किंग्सवुड वॅगन, त्र्याहत्तर सालची. इथे पोरांच्या सीटला गाडीचा पट्टा खालून बांधायचा असतोच, शिवाय सीटच्या माथ्यावरून आणखी एक पट्टा निघतो. तो मागे नेऊन गाडीच्या अंगात बसवलेल्या जाड बोल्टला अडकवायचा. आताच्या गाड्यांना त्या बोल्टची जागा कारखान्यातूनच येते. आमची गाडी त्या कायद्याच्या आधी जन्मली. फ्राने याचाही अभिमान बाळगतो.

तिच्या मागच्या फरशीवर एक लोखंडी कडी आहे, फ्रानेने स्वतः वेल्ड केलेली. पाण्याचे ड्रम, जनरेटर, विंचचं इंजिन, सगळं तिला बांधून आम्ही या खाणींच्या रस्त्यांवरून नेलंय. ते रस्ते असे आहेत की घरी पोचल्यावर स्वतःचे दात मोजून घ्यावेत. कडी कधी हलली नाही.

शेजारच्या ओल्गाने तिच्या नातवाची सीट देऊ केली. शेडमधून काढायला गेलो तर तिच्यात कोंबडी बसलेली. कोंबडीला उठवायला ओल्गा, फ्राने आणि मी असे तिघे लागलो, आणि खाली दोन अंडी निघाली. सीट धुऊन नीव्हेसला फोनवर फोटो पाठवला. ती म्हणाली, "पट्टा वाकवून बघ." वाकवला तर उन्हाने कडक झालेला, वाळक्या कातड्यासारखा. "मागे तारीख असेल." होती. त्या तारखेला नीव्हेस शाळेत होती. अंडी मात्र ताजी निघाली.

११ मे, रविवार

आज मातृदिन. नीव्हेस केक घेऊन आली. फ्रानेचा भाचा योश्को गेल्या वर्षी युरोपातल्या स्प्लिट शहरातून इकडे मोठ्या खाणीत कामाला आला, तोही आला आणि येताना त्याच्या पोराची सीट घेऊन आला. काय सीट होती. मखमल, मऊ उशी, एखाद्या बिशपला बसवावं अशी. फ्राने खूश. "बघ, हे युरोप. तिकडे माणसं डोकं वापरतात."

नीव्हेसने सीट उलटी केली, पालथी केली, पोटाखाली हात घालून बघितलं. "वरचा पट्टा कुठाय?"

योश्को म्हणाला, "तिकडे तो लागत नाही."

"इकडे लागतो. त्याशिवाय ही इथे चालत नाही."

"एक पट्टा कमी, तेवढाच त्रास कमी," फ्राने म्हणाला.

मला वाटलं नीव्हेस हसेल. ती केक कापायला लागली. तिने सगळ्यांना एकाच मापाचे तुकडे दिले आणि स्वतः घेतला नाही. पोरगी फार वाळली आहे. अंगावर पाजते, तरी खात नाही. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं असतं तर भांडण झालं असतं.

टोन्काने आज माझं बोट धरलं. म्हणजे याआधीही धरायची, पण आज मुद्दाम धरलं. आधी बोटाकडे पाहिलं, विचार केला आणि मग धरलं. नखं किती लहान, पण पूर्ण. त्या एवढ्याशा नखांवरही पांढरी चंद्रकोर आहे. मी मातीच्या ढिगांमधून ओपल वेचते, हरभऱ्याएवढ्या खड्यात हिरवा, निळा, लाल असा सगळा उजेड कोंडलेला मी पाहिलाय आणि जागच्या जागी बसून राहिलेय. तरी असं काही पाहिलं नव्हतं.

२४ मे, शनिवार

पोर्ट ऑगस्टाला जाऊन आलो. फ्राने किंग्सवुड घेऊन पुढे, मी नीव्हेसच्या गाडीत टोन्काशेजारी मागे. रस्ताभर छान गप्पा चालल्या होत्या. मिठाच्या तळ्याच्या वळणाशी आलो तशी नीव्हेस बोलता बोलता थांबली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ. तिला लहानपणापासून गाडी लागते. मी मागून पुढे वाकून तिला पेपरमिंट दिलं. तिने घेतलं, तोंडात टाकलं नाही, मुठीत धरून ठेवलं. तळं मात्र आज बघण्यासारखं होतं. क्षितिजापर्यंत पांढरं, त्यावर ढगांच्या सावल्या चालत होत्या. मी टोन्काला म्हटलं, बघ, पण ती उलट्या तोंडाने बसते, तिला फक्त मागे पडलेलं दिसतं.

दुकानात सीट मिळाली. खोक्यावर चित्रं होती, नव्या गाड्यांना लागणारे पोलादी आकडे वगैरे. आमच्या गाडीला ते लागायचे नाहीत, पण ही सीट साध्या पट्ट्यानेही बसते असं दुकानातल्या मुलीने वाचून दाखवलं. किंग्सवुडमध्ये ठेवून बघितली. बाळ मागे तोंड करून बसणार म्हणून सीट लांब. ड्रायव्हरच्या मागे ठेवली तर फ्रानेचे गुडघे कानाला लागले. दुसऱ्या बाजूला बसली. पुढची सीट सारली की तिथे माणूस बसू शकत नाही, पण मी मागे टोन्काजवळच बसणार, मला कुठे पुढे बसायचंय?

मग सीट बसवणारा डडली आला. पिंपाएवढा माणूस, पण गाडीच्या मागच्या दारातून मांजरासारखा आत शिरला. फरशीवर टॉर्च मारला आणि तसाच पालथा पडून म्हणाला, "ही कडी कुणाची?"

"माझी," फ्राने म्हणाला. छाती पुढे.

"छान आहे. पाण्याचे ड्रम बांधत जा."

"ड्रमच बांधतो. जनरेटर बांधतो. एवढ्याशा पोरीचा पट्टा धरणार नाही?"

"मी नाही अडकवणार. तुमच्या गाडीला बोल्टची जागाच नाही, साहेब. इंजिनियरने बघून सांगायला हवं कुठे भोक पाडायचं, खाली काय बसवायचं. त्याची सही आली की मी पाच मिनिटांत सीट बसवतो."

"माझ्या गाडीला भोक पाडायला मला कुणाची सही लागणार?"

"भोकं हवी तेवढी पाडा हो. सीट मी बसवायची असेल तर सही लागेल."

फ्राने लाल झाला. त्याने सीट उचलून मागे टाकली, दार आपटलं आणि निघाला. नीव्हेस वाद घालेल असं मला वाटलं होतं. ती डडलीशी हळू आवाजात काहीतरी बोलली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओळख दिसली. तिच्या कामात अशा खूप ओळखी होतात.

१ जून, रविवार

फ्राने आठवडाभर गाडीखाली आहे. जेवायला येतो, जेवतो, परत गाडीखाली. सीटचं नाव काढलं की कान बंद.

नीव्हेसने ॲडलेडला कळवायची वेळ वाढवून घेतली आहे, आणखी पंधरवडाभर. त्यापुढे ते थांबणार नाहीत. हे तिने सांगितलं ते भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

इथे लिहायला हरकत नाही, कारण हे कुणी वाचत नाही: मला फ्रानेचंच म्हणणं पटतं. ती कडी मी स्वतः पाहिली आहे. खड्ड्यात गाडी आपटून आमची डोकी छताला लागली, पण जनरेटर जागचा हलला नाही. टोन्का सात किलोची आहे. सीट धरून पंधरा. या शहराच्या लोकांना सगळ्याला कागद लागतो. नीव्हेस इथल्या मातीत वाढली आणि चार वर्षं ॲडलेडला शिकून त्यांच्यासारखी झाली.

आज फ्राने गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "कडीला लावून टाकतो. तिला सांगू, तपासून घेतलं म्हणून."

मी नाही म्हणाले नाही. होही म्हणाले नाही. पीठ मळत राहिले. आता लिहिताना वाटतं, मी होच म्हणाले.

८ जून, रविवार

आज त्याने सीट बसवली. वरचा पट्टा मागे नेला, कडीला अडकवला, खेचला. दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलवलं, सगळी गाडी हलली, सीट हलली नाही. मला हाक मारून दाखवलं. खरंच भक्कम दिसत होतं. मी टोन्काची छोटी चादर सीटवर घालून बघितली. त्या भंगार गाडीत अचानक एक जागा अशी झाली की तिथे कुणीतरी येणार आहे. माझे डोळे भरून आले.

नीव्हेसला फोन केला. फ्राने म्हणाला, "झालं. ये बघायला."

"कुणी तपासलं?"

फ्राने माझ्याकडे बघायला लागला. खोटं बोलायचं त्यानेच ठरवलं होतं, पण जीभ वळेना. मी फोन घेतला आणि म्हटलं, "तू उद्या ये. सुट्टीच आहे."

९ जून, सोमवार

राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. आज जे झालं ते नीट लिहून ठेवायचं आहे.

नीव्हेस सकाळी आली. गाडीत डोकावली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, आता ती ओरडणार आणि टोन्काला घेऊन निघून जाणार. ती खूप वेळ त्या कडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, गाडी शाफ्टपाशी घे."

"कशाला?"

"तू म्हणतोस कडी धरेल. मी म्हणते नाही. बघू या."

शाफ्ट म्हणजे आमच्या खाणीचं तोंड, घरामागेच. माणूस आत उतरेल एवढं गोल भोक, विहिरीसारखं सरळ खाली. तीस वर्षं फ्राने त्यातून दोराला लटकून खाली गेला आणि मी वर दोर सोडणारी-ओढणारी विंच चालवली. त्याचा जीव माझ्या हातातल्या दांड्यावर असायचा. तो दोर मी कधी झपकन सोडला नाही, कितीही भांडण झालेलं असलं तरी.

नीव्हेस म्हणाली, "शंभरच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली तर आतलं माणूस तेवढ्या वेगाने पुढे फेकलं जातं. आपल्या शाफ्टमधून पडलं तर तळाला पोचेपर्यंत तेवढा वेगही येत नाही. शाफ्ट दुप्पट खोल हवा. पण असू दे, एवढाही पुरे."

फ्राने हसला. "म्हणजे तुझी पोरगी शाफ्टमध्ये टाकायची?"

ती हसली नाही. "तिच्याएवढी माती."

मी बादलीत माती भरली. काट्याला लटकवली. टोन्का आणि तिची सीट यांचं मिळून जेवढं वजन, तेवढी माती. बादली भरलीसुद्धा नाही. मला ते बघून हसू आलं, एवढ्याशा मातीने काय होणार म्हणून. फ्रानेने गाडी उलटी शाफ्टच्या तोंडाशी लावली, चारी चाकांना दगड लावले. बादलीला खाणीचा दोर बांधला, दुसरं टोक कडीला. दोर शाफ्टच्या खोलीपेक्षा थोडा कमी ठेवला, म्हणजे बादली तळाला न लागता मधेच अडकावी. नीव्हेसने आम्हाला दोराच्या रेषेतून बाजूला उभं केलं. टोन्का तिच्या छातीशी कपड्यात बांधलेली होती, जागी.

"आई, तू ढकल," नीव्हेस म्हणाली. "लांबून."

मी काठीने बादली कडेवरून ढकलली.

आवाज झाला नाही. दोर फक्त सळसळत आत गेला. मला वाटलं, किती वेळ लागतोय. मग गाडी उचलली गेली. खरंच, मागची बाजू उडी मारल्यासारखी झाली आणि खाली बसली, आणि माझ्या समोरून काहीतरी गेलं. नंतर कळलं ती कडी होती, तिच्याभोवती ताटलीएवढा पत्र्याचा तुकडा, कडा फाटलेल्या. ती शाफ्टमध्ये गेली आणि मग खालून बादली आपटल्याचा आवाज आला.

 गाडीच्या फरशीला एक भोक होतं, त्यातून खालची लाल माती दिसत होती.

मी माझ्या आयुष्यात बरंच पाहिलंय. पण अर्धी बादली माती. मी स्वतः भरलेली, कमरेवर धरून आणलेली. ती तीस वर्षांची कडी उपटून घेऊन गेली. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. टोन्का कधी इतकी जड होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. मी तिला एका हाताने उचलते.

फ्राने शाफ्टच्या कडेला गुडघ्यांवर बसून आत बघत होता. नीव्हेस त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "त्यांनीही बाळाच्या सीटचा पट्टा सामानाच्या कडीलाच लावला होता, बाबा. मिठाच्या तळ्यापाशी, मी गेले होते त्या अपघातात. चांगली माणसं होती. बाकी सगळं नीट बांधलं होतं त्यांनी."

"कधी?" फ्रानेने विचारलं.

"टोन्का पोटात होती तेव्हा."

 फ्रानेने तिच्या पाठीवर हात ठेवला. टोन्का त्या दोघांच्या मधून खाली, शाफ्टकडे बघत होती.

त्या तळ्यापाशी मी नीव्हेसला पेपरमिंट दिलं होतं.

१० जून, मंगळवार

फ्रानेने स्वतः डडलीला फोन केला. मी बाहेरून ऐकलं. "तो इंजिनियर कधी भेटेल?" मग जरा थांबून, "नाही, कडी आता नाही. नाही, मी काढली नाही. गेली." मग बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "हो. मुलीने दाखवलं."

नीव्हेसने अजून ॲडलेडला काही कळवलेलं नाही.

१४ जून, शनिवार

दिवसभर ढिगांवर होते. ओपल एकही नाही. मन लागत नव्हतं. नीव्हेस कामावर जाते तेव्हा नक्की काय करते, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माणसं आजारी पडतात, ती त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेते. एखाद्या ड्रायव्हरसारखं. घरी आल्यावर मी विचारायचे, दमलीस का, आणि ती म्हणायची, नाही गं. मग मी तिला वाढायचे. ती लहान असताना अंधाराला भ्यायची. माझा हात सोडून मागच्या खोलीत जायची नाही. ती पोरगी आणि ही पोरगी एकच आहे, हे मला आज दिवसभर खरं वाटत नव्हतं.

२१ जून, शनिवार

पोर्ट ऑगस्टा. इंजिनियर म्हणजे एक तरुण बाई निघाली, नाकात चमकी. फ्रानेने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्या पायावर पाय दिला. तिने फाटलेली फरशी बघितली आणि विचारलं, "हे कशाने झालं?" फ्रानेने सगळं सांगितलं, शाफ्ट, बादली, दोर. तिने पाना खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "हे परत कुठे करू नका," आणि मान वळवून हसली.

तिने जागा शोधली ती फरशीत नव्हतीच. मागच्या सीटच्या पाठीशी गाडीच्या हाडात एक आडवी तुळई आहे, ती फ्रानेलाही माहीत होती, पण त्याने तिच्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं. भोक पाडलं, खालून जाड लोखंडी पट्टी, मग बोल्ट. मागचे जुने पट्टे सगळे बदलले. फाटलेल्या जागी पत्रा बसवला.

"मी आवळू का?" फ्रानेने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही टॉर्च धरा."

आणि माझा नवरा, ज्याने जन्मात कुणाचं ऐकलं नाही, त्याने गाडीखाली उताणं पडून टॉर्च धरला. न हलवता.

सही झाली. डडलीने सीट बसवली, वरचा पट्टा त्या बोल्टला लावला, गुडघा टेकून आवळला. नीव्हेस आली होती. तिने बोल्ट बघितला नाही, सीट बघितली नाही. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आम्ही तिघं दुसरीकडे बघू लागलो. डडलीने विनाकारण टायरमधली हवा तपासली.

येताना ती म्हणाली, "ॲडलेडला नाही म्हणून कळवलं."

"कधी?"

"डडलीला बाबांचा फोन आला त्या दिवशी. त्याने मला लगेच सांगितलं."

म्हणजे मी दहा दिवस उगाचच काळजी करत बसले होते. रागवायला हवं होतं. जमलं नाही.

३ जुलै, गुरुवार

आज पहाटे पहिल्यांदा टोन्काला आणायला गेलो. थंडी एवढी की काचेवर बर्फ. नीव्हेस हिरव्या गणवेशात दारात उभी, केस घट्ट बांधलेले. तिला गणवेशात मी कितीतरी वेळा पाहिलं असेन. आज पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं.

टोन्काला तिने स्वतः बांधलं. खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. टोन्काच्या कपाळावर ओठ टेकले. माझ्याकडे बघून म्हणाली, "दूध पिशवीत आहे. दुपारी रडली तर भिंतीकडे तोंड करून ठेव, गप्प होते."

"मला सांगतेस?"

"बरं बाई, नाही सांगत."

फ्राने साठच्या वर गेला नाही. एरवी त्याच्या गाडीत बसणं म्हणजे देवाचं नाव घेत बसणं. मी मागे, टोन्काशेजारी. ती मागच्या काचेतून रस्ता बघत होती, लाल माती, झुडपं, नुकताच उजाडलेला आकाशाचा तुकडा. तोंड किंचित उघडं, भिंत बघते तसं.

अर्ध्या वाटेवर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. लाल, मग निळा, मग लाल. मला कळेना. तिचे डोळे मोठे झाले. मी मागे वळून बघितलं तर दूरवर अँब्युलन्स, दिवे लावून येत होती. आम्हा दोघांच्या कितीतरी आधी टोन्काला दिसली होती.

फ्रानेने गाडी रस्त्याखाली पूर्ण उतरवली आणि थांबला. ती आली आणि आमच्या शेजारून गेली. चालवत होती नीव्हेस. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ, नजर समोर. आमची गाडी लांबूनच ओळखता येते, या भागात अशी दुसरी नाही. तिने वळून पाहिलं नाही. रस्ता आमच्याच गावाचा, पुढे कुणीतरी तिची वाट बघत असणार. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. इतका अभिमान आणि इतकी भीती एकाच छातीत मावते, हे मला ठाऊक नव्हतं.

धूळ बसेपर्यंत फ्राने थांबला. मग म्हणाला, "बघितलंसुद्धा नाही आपल्याकडे."

"आता बघावं लागत नाही तिला," मी म्हटलं.

त्याने आरशातून टोन्काकडे पाहिलं, बराच वेळ. मग गाडी हळूच रस्त्यावर घेतली.